फोटोवर पट्टेरी पोत: गिम्पमध्ये पिक्सेल मोजून पट्टे कसे चढवायचे

आत्याच्या पंच्याहत्तरीच्या पत्रिकेसाठी ट्रंकेतून एक फोटो निघाला. शाळेच्या व्हरांड्यात उभा केलेला अख्खा चौथीचा वर्ग आणि एका कडेला काठाची साडी नेसलेली तिशीतली आत्या. पत्रिकेवर फक्त आत्या हवी होती. स्कॅन करून तिच्याभोवतीचा भाग कापला, तर हाती जेमतेम ३८० पिक्सेल रुंदीचा तुकडा आला. तो १०८० पिक्सेलपर्यंत ताणला. चेहरा ओळखू येत होता, पण साडीचा काठ, चष्म्याची दांडी, केसांची वळणं सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं होतं. त्यावर चार पिक्सेलांच्या आवर्तनाचे (दोन पिक्सेल पट्टा, दोन पिक्सेल मोकळे) फिकट आडवे पट्टे टाकले आणि तोच फोटो पत्रिकेवर लावण्याजोगा झाला.

पट्ट्यांमुळे हरवलेला तपशील परत येत नाही. होतं ते एवढंच, की पट्ट्यांच्या कडा खऱ्याखुऱ्या धारदार असतात. डोळ्याला धार मिळाली की तिच्याखालचा धूसरपणा त्याला तितकासा टोचत नाही. जुने फोटो, व्हिडिओतून काढलेली चित्रं, मोबाइलच्या झूमने घेतलेले फोटो अशा सगळ्यांना हा उपाय लागू पडतो. तो नीट जमण्याची अट मात्र एकच आहे: पट्टा पूर्ण पिक्सेलवर बसला पाहिजे, आणि तोही फोटोच्या शेवटच्या मापात. पुढे जे लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं या एका अटीतून येतं.

आधी माप, मग पट्टा

मी गिम्प हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं, आणि या कामात ते कुठेच कमी पडत नाही. २.१० असो किंवा मार्च २०२५ मध्ये आलेली ३.० आवृत्ती असो, खालची कृती दोन्हीकडे चालते. एखाद्या मेनूची जागा थोडी इकडेतिकडे दिसेल, तेवढंच.

पट्टे टाकायला बसण्याआधी फोटो कुठे जाणार ते ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल तर १०८० पिक्सेल रुंदी पुरते. ए-५ आकाराची पत्रिका छापायची असेल तर ३०० डीपीआयला (छापताना एका इंचात ३०० ठिपके) १७४८ गुणिले २४८० पिक्सेल लागतात. ए-४ साठी २४८० गुणिले ३५०८. फोटो कापणं, सरळ करणं, उजेड-अंधार सुधारणं, सगळं आधी उरकून घ्या आणि 'इमेज' मेनूतल्या 'स्केल इमेज'मध्ये शेवटचं माप देऊन टाका. पट्टे त्यानंतर.

हा क्रम उलटा झाला की काय होतं ते करून बघण्यासारखं आहे. एक पिक्सेल काळा, एक पिक्सेल पांढरा अशा पट्ट्यांचं चित्र अर्ध्या मापाचं करा. दोन्ही रंग एकमेकांत मिसळून सगळीकडे सपाट करडा रंग उरतो, पट्टे गायब. तेच चित्र ७५ टक्क्यांवर आणा. पट्टे राहतात, पण कुठे गडद तर कुठे फिके, पाण्यावरच्या लाटांसारखे. पिक्सेलची जाळी आणि पट्ट्यांची जाळी एकमेकींत अडकली की अशा लाटा उठतात. याला मॉयरे म्हणतात.

याच कारणाने काम करताना नजर नेहमी १०० टक्के झूमवर ठेवा. गिम्पमध्ये कीबोर्डवरचा १ दाबला की चित्र १०० टक्क्यांवर येतं. ६७ टक्क्यांवर पट्टे जाडबारीक दिसले म्हणून फाइल बिघडली असं समजून पुन्हा सुरुवात करणारे मी पाहिलेत. फाइल ठीक असते, फक्त झूम चुकलेला असतो.

पहिली फरशी

पट्टे एकेक करून काढत बसायचे नाहीत. एक चिमुकला तुकडा बनवायचा आणि तो फरशीसारखा शेजारी शेजारी लावत जायचा. फरशीच्या उजव्या कडेवरची नक्षी शेजारच्या फरशीच्या डाव्या कडेशी जुळली, की सांधा दिसत नाही.

आडव्या पट्ट्यांसाठी 'फाइल' मेनूतून 'न्यू' घ्या. रुंदी ४, उंची ४ पिक्सेल. खालचे 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून 'फिल विथ'पुढे 'ट्रान्सपरन्सी' निवडा. पडद्यावर ठिपक्याएवढं काहीतरी दिसेल. कंट्रोल, शिफ्ट आणि जे एकत्र दाबा म्हणजे ते खिडकीभर मोठं होईल. आता चार ओळी, चार स्तंभ, एकूण सोळा चौकोन तुमच्यासमोर आहेत.

डी दाबा, म्हणजे पुढचा रंग काळा आणि मागचा पांढरा होईल. आर दाबून चौकोनी निवडीचं अवजार घ्या आणि वरच्या दोन ओळी निवडा. कंट्रोल आणि स्वल्पविराम एकत्र दाबले की निवडलेल्या भागात काळा रंग भरतो. खालच्या दोन ओळी पारदर्शकच राहू द्या. झाली फरशी. ब्रशने रंगवायचं असेल तर 'पेंटब्रश' घेऊ नका, 'पेन्सिल' घ्या. ब्रशची कड मऊ असते आणि शेजारच्या पिक्सेलवर अर्धवट रंग सांडतो. चार पिक्सेलांच्या फरशीत तेवढ्यानेच सगळा पट्टा मळका होतो. पेन्सिल पूर्ण पिक्सेल भरते किंवा भरतच नाही.

कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, कंट्रोल-सीने कॉपी करा. मग 'एडिट', 'पेस्ट अ‍ॅज', 'न्यू पॅटर्न'. नाव विचारलं की नीट द्या. 'आडवा २-२ काळा' असं माप आणि रंग सांगणारं नाव सहा महिन्यांनी उपयोगी पडतं, 'पट्टा नवीन' पडत नाही. हा पॅटर्न आता तुमच्या संगणकावर कायमचा राहील.

फोटोवर चढवणं

फोटो उघडा. जुन्या कृष्णधवल फोटोचं स्कॅन असेल तर आधी 'इमेज', 'मोड' इथे जाऊन 'आरजीबी' करा, नाहीतर पुढे तपकिरी पट्टा टाकायला जाल आणि तो करडाच उमटेल. शिफ्ट-कंट्रोल-एन दाबून नवा पारदर्शक लेयर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या काचेसारखा वेगळा थर, घ्या. पॅटर्नच्या यादीतून आपला पट्टा निवडा आणि 'एडिट' मेनूतलं 'फिल विथ पॅटर्न' चालवा. फोटो काळ्या जाळीमागे गेल्यासारखा दिसेल. लेयरची 'ओपॅसिटी', म्हणजे तो किती गडद दिसावा ते माप, २० टक्क्यांच्या आसपास आणा.

इथे बरेच जण थांबतात. मी थांबू नका म्हणेन, कारण निव्वळ काळा पट्टा चेहऱ्यावर काजळी धरल्यासारखा दिसतो. शिवाय फोटोही काळवंडतो. अर्ध्या ओळींवर २० टक्के काळं म्हणजे सगळ्या फोटोच्या उजेडात सरासरी १० टक्के घट. आधीच अंधाऱ्या असलेल्या जुन्या फोटोला ती परवडत नाही.

यावर माझा आवडता तोडगा असा. फरशीच्या खालच्या दोन पारदर्शक ओळींत पांढरा रंग भरून दुसरा पॅटर्न बनवा, आणि लेयरचा 'मोड' 'नॉर्मल'वरून 'ओव्हरले' करा. ओव्हरलेमध्ये काळी ओळ खालच्या फोटोला जेवढं गडद करते तेवढंच पांढरी ओळ त्याला उजळ करते, त्यामुळे सरासरी उजेड जिथल्या तिथे राहतो. दुसरा फायदा त्याहून मोठा. ओव्हरले पूर्ण काळ्याला आणि पूर्ण पांढऱ्याला हात लावत नाही. आत्याच्या केसांचा काळेपणा आणि मागच्या चुन्याच्या भिंतीचा पांढरेपणा तसाच राहिला, पट्टे उमटले ते मधल्या छटांत, म्हणजे साडीवर आणि सावल्यांत. पट्टे वरून चिकटवलेले न वाटता फोटोच्या कागदातच असावेत असे दिसू लागले.

रंगीत फोटोला काळ्याऐवजी फोटोतलाच एखादा गडद रंग घ्या. ओ दाबून 'कलर पिकर' घ्या, सावलीतल्या तपकिरी किंवा गर्द निळ्या जागेवर क्लिक करा, त्या रंगाची फरशी बनवा आणि मोड 'मल्टिप्लाय' ठेवा. कातडीवर तपकिरी पट्टा शोभतो, काळा शोभत नाही.

आडवे पट्टे पाहून जुना टीव्ही का आठवतो, तेही सांगते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एक चित्र ६२५ रेषांचं असे, त्यातल्या ५७६ रेषांवर प्रत्यक्ष चित्र. आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या, असं सेकंदाला ५० वेळा अर्धं अर्धं चित्र रंगवलं जाई. काचेच्या पडद्याजवळ नाक नेलं की रेषांमधली काळी फट दिसायची. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं, ते दिवस फोटोत आणायचे असतील तर हेच दोन-दोनचे पट्टे घ्या, ओपॅसिटी ३० टक्क्यांपर्यंत चढवा आणि फोटोचा रंग किंचित निळसर करा.

चेहरा मोकळा ठेवणं

डोळ्यांवरून जाड आडवा पट्टा गेला की माणूस खिडकीच्या गजांमागे उभा असल्यासारखा वाटतो. पट्ट्याच्या लेयरवर राइट क्लिक करून 'अ‍ॅड लेयर मास्क' घ्या, 'व्हाइट' निवडा. मास्क म्हणजे लेयरवर टाकलेला पडदा. पांढऱ्या जागी पट्टे दिसतात, काळ्या जागी झाकतात. मऊ कडेचा मोठा ब्रश घेऊन चेहऱ्यावरून फिरवा, पण काळ्या रंगाने नको, मधल्या करड्या रंगाने. पट्टे साफ पुसले तर चेहरा दुसऱ्या फोटोतून आणून लावल्यासारखा दिसतो. अर्धे उरले की तो शांत दिसतो आणि फोटोतच राहतो.

रंगवण्याआधी लेयरच्या यादीत मास्कचं छोटं चित्र निवडलेलं आहे ना, ते बघा. लेयरचं चित्र निवडलेलं असेल तर करडा रंग थेट पट्ट्यांवर फासला जाईल.

तिरके पट्टे

तिरक्या पट्ट्यांची फरशी हाताने काढायला फार छान वाटते. आठ बाय आठ पिक्सेलची कोरी फरशी घ्या. पहिल्या ओळीत डावीकडचे चार चौकोन काळे, उरलेले चार रिकामे. दुसऱ्या ओळीत हीच नक्षी एक चौकोन डावीकडे सरकवा. डाव्या कडेतून जो काळा चौकोन बाहेर पडला तो त्याच ओळीत उजव्या टोकाला आणून ठेवा. तिसऱ्या ओळीत आणखी एक घर सरका. आठव्या ओळीपर्यंत असं करत गेलात की नववी ओळ पहिल्यासारखीच येईल, म्हणजे फरशी खाली-वरही जुळली. पट्टा खालून वर उजवीकडे झुकेल. उजवीकडे सरकवत गेलात तर उलटा झुकेल. घरात कुणी विणकाम करणारं असेल तर त्यांना ही मोजणी लगेच कळेल, ती विणीच्या आलेखासारखीच आहे.

असा ४५ अंशांचा पट्टा बारीक मापात सुरेख बसतो. पण ४० पिक्सेल रुंदीचा पट्टा हवा असेल, किंवा ३० अंशांचा, तर फरशीचा नाद सोडा. पायऱ्या दिसतात. तिथे ग्रेडियंटचं, म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात नेणारं, अवजार वापरा. नवा लेयर घ्या, जी दाबा. ग्रेडियंटच्या यादीत काळा आणि पांढरा अर्ध्यावर एकदम बदलणारा 'हार्डएज' नावाचा एक आहे, तो निवडा. अवजाराच्या पर्यायांत 'रिपीट'पुढे 'सॉटूथ वेव्ह' ठेवा आणि 'अडॅप्टिव्ह सुपरसॅम्पलिंग'वर खूण करा, तिरक्या कडा त्यानेच गुळगुळीत होतात. आता फोटोवर छोटीशी रेघ ओढा. जेवढी रेघ, तेवढी एका काळ्या आणि एका पांढऱ्या पट्ट्याची मिळून रुंदी. रेघेची लांबी आणि कोन खालच्या पट्टीत आकड्यांत दिसतात. कंट्रोल दाबून ठेवलंत तर कोन १५-१५ अंशांनी बदलतो. मनासारखं झालं की एंटर. लेयरचा मोड मल्टिप्लाय केला की पांढरे पट्टे आपोआप नाहीसे होतात, फक्त गडद उरतात.

तिरक्या पट्ट्यांकडे मी वळले ते मजकुरामुळे. देवनागरी अक्षरांना शिरोरेषा असते आणि ती आडवी असते. आडव्या पट्ट्यांवर नाव लिहिलं आणि शिरोरेषेची जाडी पट्ट्याच्या जाडीच्या आसपास आली, की शिरोरेषा पट्ट्यांत मिसळते. आत्याच्या नावाखाली हेच झालं होतं. शब्दाचं डोकंच हरवलं, अक्षरं सुटी सुटी लोंबत राहिली. रोमन लिपीतल्या नमुन्यांवर ही अडचण कधी दिसत नाही, म्हणून तिकडच्या कृतींत ती सांगितलेली नसते. मजकूर येणार असेल त्या भागात पट्टे तिरके ठेवा किंवा मास्क लावून तेवढी जागा सपाट करा.

कापडावरचे पट्टे

फोटोतल्या साध्या कुर्त्याला किंवा चादरीला पट्टे द्यायचे असतील तर सरळ रेघा चालत नाहीत, चुणीबरोबर वळायला हव्यात. फोटोच्या लेयरची प्रत काढा. 'कलर्स'मधून 'डिसॅच्युरेट' करून तिचे रंग घालवा, 'गॉशियन ब्लर' पाच ते आठ पिक्सेल द्या आणि ती लपवून ठेवा. मग पट्ट्याचा लेयर निवडून 'फिल्टर्स', 'मॅप', 'डिस्प्लेस' उघडा. कुठल्या लेयरप्रमाणे सरकवायचं असं विचारलं की ती धूसर प्रत दाखवा, सरकण्याचं माप १० च्या आसपास ठेवा. प्रतीतल्या उजळ भागावरचे पट्टे एका बाजूला सरकतात, गडद भागावरचे दुसऱ्या बाजूला, मधल्या करड्यावरचे जागेवर राहतात. चुणीची एक बाजू उजळ आणि एक सावलीत असल्यामुळे पट्टा तिथे बरोबर लवतो. मास्क लावून कापडाबाहेरचे पट्टे झाका. पट्टे किमान १५-२० पिक्सेल रुंद असले तरच हे खुलतं.

फोटोच पट्ट्यांचा करणं

आतापर्यंत पट्टे वर आणि फोटो खाली होता. यात फोटो पट्ट्यांनीच बनतो: गडद जागी पट्टा जाड, उजळ जागी बारीक. 'फिल्टर्स', 'डिस्टॉर्ट्स', 'न्यूजप्रिंट' उघडा. 'कलर मॉडेल'मध्ये 'ब्लॅक ऑन व्हाइट', 'पॅटर्न'मध्ये 'लाइन' निवडा. 'पिरियड' म्हणजे पट्ट्यांमधलं अंतर. १०८० पिक्सेलच्या चेहऱ्याला ८ ते १० ठेवून बघा. त्याआधी 'कर्व्हज'ने फोटोतला गडद-उजळ फरक चांगला वाढवून घ्या, नाहीतर सगळे पट्टे एकाच जाडीचे येतील आणि नाकडोळे शोधावे लागतील. एकाच रंगात छापायच्या कामाला, म्हणजे झेरॉक्सवरच्या पत्रकाला किंवा टी-शर्टवरच्या स्क्रीन प्रिंटला, यासारखं दुसरं काही नाही. करडी छटा यात उरतच नाही, निव्वळ काळं आणि पांढरं.

फोटोशॉपमध्ये काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात: फरशी तशीच बनवा, 'एडिट'मधून 'डिफाइन पॅटर्न', मग 'लेयर', 'न्यू फिल लेयर', 'पॅटर्न'. तिथलं 'स्केल' १०० टक्केच ठेवा. १३० वगैरे केलंत की पूर्ण पिक्सेलची अट मोडलीच. जाड-बारीक रेषांसाठी फिल्टर गॅलरीत 'हाफटोन पॅटर्न' आहे, त्यात 'लाइन'.

छापणं आणि पाठवणं

पत्रिकेची पहिली छपाई माझी बिघडली होती. पडद्यासाठी केलेले चार पिक्सेलांचे पट्टे मी ३०० डीपीआयच्या फाइलमध्ये तसेच वापरले. ३०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटर होतो, म्हणजे पट्ट्यांचं एक आवर्तन एक तृतीयांश मिलिमीटर. प्रिंटरकडे करडी शाई नसते. तो काळे ठिपके दाट-विरळ टाकून करडा रंग दाखवतो. त्याच्या ठिपक्यांची जाळी आणि माझे पट्टे जवळजवळ एकाच मापाचे झाले, आणि आत्याच्या गालावरून कपाळापर्यंत रुंद ढगाळ लाटा उमटल्या. पडद्यावर त्यांचा मागमूस नव्हता. पट्टा १२ पिक्सेलांचा, म्हणजे सुमारे एक मिलिमीटरचा केला आणि लाटा गेल्या.

छपाईसाठी म्हणूनच पट्टा एक मिलिमीटरच्या खाली आणू नका. ऑफसेटला, म्हणजे छापखान्यातल्या मोठ्या यंत्रावर, देणार असाल तर ४५ अंशांचा तिरकेपणाही टाळा, कारण काळ्या शाईची जाळी बहुधा त्याच कोनात ठेवलेली असते. ३० अंश घ्या. दुकानदाराला 'फिट टू पेज' काढून 'अ‍ॅक्च्युअल साइज'वर छापायला सांगा, आणि आधी एकच प्रत काढून ती उन्हात नेऊन बघा.

पडद्यासाठी फाइल पीएनजीमध्ये काढा. जेपेग चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबतं आणि बहुतेक वेळा रंगांची माहिती निम्म्या बारकाईवर आणतं. करड्या पट्ट्यांवर त्याचा परिणाम थोडा होतो, पण लाल-निळे बारीक पट्टे जांभळट होऊन एकमेकांत विरघळतात. जेपेगच द्यायला लागलं तर गिम्पच्या एक्स्पोर्ट खिडकीत 'सबसॅम्पलिंग' ४:४:४ ठेवा. मूळ काम लेयरसकट एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फाइलमध्ये, जपा, कारण उद्या तोच फोटो मोठ्या फ्लेक्सवर हवा झाला तर पट्ट्याचा लेयर काढून त्या मापाचा नवा टाकावा लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवलात तर तो पुन्हा दाबला जातो आणि मोजून बसवलेले पट्टे हलतात. जोडणीच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून पीएनजी पाठवा.